पूलचा झोंबणारा वास, लाल डोळे आणि पंप रूममधला ठसका: काय तपासायचं, कुठे थांबायचं

सोसायटीच्या स्विमिंग पूलची तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते: "दादा, आज क्लोरीन जास्त मारलंय का? पोरांचे डोळे लाल झालेत." वाकड-हिंजवडीच्या सोसायट्या असोत की कर्जत-अलिबागकडची फार्महाऊस, पूलच्या देखभालीच्या कामात ही तक्रार मी वर्षानुवर्षं सोडवत आलोय. कारण दर वेळी वेगळं वाटतं, पण मुळाशी जवळपास नेहमी तेच निघतं. पूलची जी दोन औषधं, म्हणजे रसायनं, एकमेकांजवळ यायला नकोत, ती कुठेतरी एकत्र येत असतात. कधी ती पाण्यात भेटतात, कधी बादलीत, कधी पाइपमध्ये. ती जागा सापडेपर्यंत वरून आणखी औषध ओतणं हा उपाय नाही, आणि बहुतेक इजा नेमक्या त्या घाईतच होतात.

लक्षणं

पाण्याजवळ गेलं की नाकात झोंबणारा वास येतो. पोहून आल्यावर डोळे लाल होतात, अंगाला खाज सुटते, लहान मुलं खोकतात. झाकलेल्या किंवा तळघरातल्या पूलमध्ये हे जास्त जाणवतं.

पंप रूमचं दार उघडताच ठसका लागतो. दाराच्या बिजागऱ्या आणि पॅनेलचे स्क्रू तांबूस गंजलेले असतात, वायरींच्या तांब्याच्या टोकांवर हिरवा थर चढलेला असतो. खोलीत पाण्याची गळती नसताना असा गंज दिसला, तर तो अ‍ॅसिडच्या वाफांचा समजा.

लाइट जाऊन आली, पंप सुरू झाला, आणि काही सेकंदांत इनलेटजवळ (पाणी पूलमध्ये परत येतं त्या तोंडाजवळ) पोहणाऱ्यांना एकदम ठसका लागला. हे लक्षण सगळ्यात कमी लोक सांगतात आणि सगळ्यात जास्त घातक तेच आहे.

डबा किंवा ड्रम फुगलेला दिसतो, झाकण सैल करताना फुस्स आवाज होतो, क्लोरीनच्या ग्रॅन्यूल्सचे (दाण्यांचे) ओले खडे झालेले असतात, डब्याला हात लावला तर कोमट लागतो.

पूल सांभाळणाऱ्या माणसाच्या बोटांवर पांढरे चट्टे, शर्टवर उडालेल्या रंगाचे ठिपके, आणि संध्याकाळी न थांबणारा खोकला. कमिटीच्या मीटिंगमध्ये पाण्याचा रंग निघतो, त्या माणसाचा खोकला कुणी काढत नाही. मी नवीन ठिकाणी गेलो की आधी त्याचे हात बघतो. औषध कसं हाताळलं जातंय ते तिथे लिहिलेलं असतं.

हे दिसलं तर काहीही तपासू नका

हिरवट-पिवळा धूर किंवा धुकं दिसलं, डबा गरम होऊन धूर सोडत असला, कुणाला श्वास घेता येत नसला, तर पुढचं काही वाचत बसू नका. सगळ्यांना पाण्याबाहेर काढा आणि वारा जिकडून येतोय त्या बाजूला, उंचावर न्या. क्लोरीन वायू हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असतो. तो खाली बसतो, म्हणजे तळघरात, बॅलन्सिंग टँकमध्ये, रिकाम्या पूलच्या खड्ड्यात. आत कुणी पडलेलं दिसलं तरी तोंडाला ओला रुमाल बांधून उतरू नका. ओला रुमाल, कापडी मास्क, एन-९५, यातलं काहीही हा वायू अडवत नाही. वाचवायला गेलेला माणूसही त्याच्याच शेजारी पडतो. अग्निशमन दलासाठी १०१, रुग्णवाहिकेसाठी १०८, किंवा दोन्हींसाठी ११२. फोन करताना "क्लोरीनचा वायू" हे शब्द स्पष्ट सांगा, म्हणजे ते त्या तयारीनं येतील.

पिंपरी-चिंचवडमध्ये कासारवाडीच्या जलतरण तलावात ऑक्टोबर २०२३ मध्ये क्लोरीन वायू पसरला, तेव्हा सकाळी पोहायला आलेल्यांना रुग्णालयात न्यावं लागलं होतं. अमेरिकेत या इजांची नीट मोजदाद होते. तिथल्या सीडीसी या आरोग्यसंस्थेच्या हिशोबानुसार २००८ ते २०१७ या काळात पूलच्या रसायनांमुळे दर वर्षी साधारण ४,५०० माणसं इमर्जन्सी विभागात गेली. सगळ्यात जास्त कारण होतं वाफ किंवा वायू श्वासात जाणं.

अशी आणीबाणी नसेल तर आता क्रमानं तपासू. आधी फुकटातलं, मग खर्चाचं.

१. वास नेमका कुठे येतोय?

याला पैसे लागत नाहीत, फक्त पाच मिनिटं लागतात. चार ठिकाणी थांबून बघा: पाण्याच्या कडेला, पंप रूमच्या दारात, चेंजिंग रूममध्ये, आणि पंप बंद-चालू करताना इनलेटजवळ. पंप रूममध्ये आत शिरू नका. दार उघडून बाहेर उभं राहा, हवा जाऊ द्या. डब्यात डोकं घालून वास घेण्याची सवय कुणाला असेल तर ती आजच बंद करा.

फक्त पाण्यावर वास असेल तर दोष बहुधा पाण्याच्या रसायनात आहे, पुढचा दुसरा आणि तिसरा मुद्दा बघा. पंप रूममध्ये असेल तर साठवण, म्हणजे चौथा मुद्दा. पंप सुरू होतानाच येत असेल तर डोसिंग (पाण्यात आपोआप औषध सोडणारी यंत्रणा), आणि मग थेट सहाव्या मुद्द्याकडे जा, तोपर्यंत पूल बंद ठेवा.

चेंजिंग रूममध्ये वास असेल तर हाऊसकीपिंगच्या ताईंना विचारा की फरशीला काय लावलं. संडास साफ करायचं अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र वापरली की तिथल्या तिथे क्लोरीन वायू तयार होतो. "दोन्ही टाकलं की जास्त स्वच्छ होतं" अशी समजूत सर्रास आहे, आणि ती बंद छोट्या खोलीत, खाली वाकून काम करणाऱ्या बाईच्या फुफ्फुसावर बेतते. त्यांच्यावर ओरडू नका. अ‍ॅसिड आणि ब्लीच वेगळ्या दिवशी, वेगळ्या बादलीत, हे शांतपणे समजावून द्या आणि दोन बादल्या वेगळ्या रंगाच्या आणून द्या.

२. टेस्ट किट खरं सांगतंय का?

पाण्याला वास येतोय म्हणजे क्लोरीन जास्त झालंय, हा सगळ्यात पसरलेला गैरसमज. नीट सांभाळलेल्या पूलला जवळपास वास नसतो. झोंबणारा वास येतो तो क्लोरामाइनचा. घाम, लघवी, अंगाला लावलेलं तेल-क्रीम यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन ते बनतं. म्हणजे वास आला की बऱ्याचदा मोकळं, काम करणारं क्लोरीन उलट कमीच असतं.

आता किट बघा. बहुतेक सोसायट्यांकडे दोन बाटल्यांचं स्वस्त किट असतं, एका थेंबानं पाणी पिवळं होतं आणि दुसऱ्यानं लाल-नारिंगी, ते पीएचसाठी. पिवळं करणारं द्रावण ओटीओ. ते एकूण क्लोरीन दाखवतं, त्यातलं मोकळं किती आणि क्लोरामाइनमध्ये अडकलेलं किती हे सांगत नाही. त्यामुळे पाणी छान पिवळं होतं, माणूस निर्धास्त होतो, आणि मुलांचे डोळे मात्र जळतच राहतात. डीपीडीचं किट घ्या. पहिली गोळी मोकळं क्लोरीन दाखवते, पुढची एकूण. दोन्हींतला फरक म्हणजे अडकलेलं क्लोरीन. तो ०.४ पीपीएमच्या (दहा लाख भागांत एक भाग म्हणजे १ पीपीएम) वर गेला तर वासाचं कारण सापडलं. मोकळं क्लोरीन १ ते ३ पीपीएम आणि पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्क आहे तो आकडा) ७.२ ते ७.८ असावा.

दोन बारकावे ध्यानात ठेवा. थेंबांच्या बाटलीवरची मुदत बघा. उन्हात खिडकीवर ठेवलेली बाटली मुदतीआधीच बाद होते. आणि क्लोरीन फारच जास्त असलं, साधारण १० पीपीएमच्या वर, तर डीपीडीचा गुलाबी रंग उमटून लगेच उडून जातो आणि नमुना पांढराच दिसतो. "क्लोरीन शून्य आहे" म्हणून कुणी अजून मारलं तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको. शंका आली तर नमुन्यात तेवढंच पिण्याचं बाटलीबंद पाणी घालून पुन्हा तपासा आणि येईल तो आकडा दुप्पट करा.

पीएच इतका महत्त्वाचा का? क्लोरीन पाण्यात दोन रूपांत राहतं आणि जंतू मारण्याचं खरं काम त्यातलं एकच करतं. पीएच ७.२ असताना साधारण दोन तृतीयांश क्लोरीन कामाच्या रूपात असतं, ७.५ ला निम्मं, आणि ८ ला जेमतेम चौथा हिस्सा. टँकरचं किंवा बोअरचं पाणी आणि वरून लिक्विड हायपो (द्रव क्लोरीन, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट) असेल तर पीएच चढत जातो. माणूस क्लोरीन वाढवत जातो, काम मात्र होत नाही, आणि डोळे पीएचमुळेही जळतात. म्हणून आधी पीएच जागेवर आणा, मग क्लोरीनचा विचार करा.

३. पाण्यात काय येतंय आणि किती टाकलं जातंय?

शॉवर घेऊन उतरायचा नियम पाटीवर असतो, पाळतं कोण? एक मिनिटाचा नुसता पाण्याचा शॉवर घेतला तरी घाम आणि तेल बरंच उतरतं. छोट्या मुलांना दर तासाला बाहेर काढून बाथरूमला पाठवा. हे दोन नियम लाइफगार्डनं खरोखर पाळायला लावले की क्लोरामाइनची तक्रार निम्म्यावर येते, आणि औषधही कमी लागतं.

औषध अंदाजानं टाकू नका. १ लाख लिटर पाण्यात १ पीपीएम वाढवायला १०० ग्रॅम शुद्ध क्लोरीन लागतं. म्हणजे ६५ टक्क्यांचं कॅल्शियम हायपो (दाणेदार क्लोरीन) साधारण १५५ ग्रॅम, किंवा १० टक्क्यांचं ताजं लिक्विड हायपो सुमारे १ लिटर. हा हिशोब पंप रूमच्या दारावर तुमच्या पूलच्या लिटरनुसार मोठ्या अक्षरात लिहून लावा. "दोन मग टाक" हे माप नाही. मग कुठला, भरून की सपाट, यात दुपटीचा फरक पडतो.

टीसीसीएच्या (हळूहळू विरघळणारं क्लोरीन) गोळ्या वापरत असाल तर आणखी एक बघा. त्यातून येणारं प्रत्येक १ पीपीएम क्लोरीन सोबत साधारण ०.६ पीपीएम, उन्हात क्लोरीन टिकवणारं, सायन्युरिक अ‍ॅसिड सोडतं आणि ते पाण्यातून उडत नाही, साठत जातं. १०० पीपीएमच्या पुढे गेलं की क्लोरीन असूनही मंद होतं. त्यावर औषध नाही, थोडं पाणी काढून नवीन भरावं लागतं.

४. औषधांच्या खोलीत काय कशाशेजारी आहे?

इथे जरा वेळ काढा, कारण ज्या ठिकाणी मी मोठा धोका टळलेला बघितलाय त्यातली बहुतेक ठिकाणं हीच.

पूलमध्ये वापरली जाणारी औषधं एकमेकांना सहन करत नाहीत. हायपो, लिक्विड असो की ग्रॅन्यूल्स, आणि पीएच उतरवायचं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड एकत्र आलं की लगेच क्लोरीन वायू निघतो. हे निदान बऱ्याच जणांना माहीत असतं. माहीत नसतं ते हे, की टीसीसीए आणि कॅल्शियम हायपो हीसुद्धा एकत्र चालत नाहीत. दोन्ही पांढरी, दोन्ही "क्लोरीन", दोन्हींच्या डब्यावर सारखेच निळे फोटो. पण एक आम्लधर्मी, दुसरं अल्कधर्मी. थोडासा ओलावा मिळाला की दोन्ही मिळून प्रचंड तापतात, वायू सोडतात, आणि बंद डब्यात असली तर स्फोट होतो.

एका सोसायटीत सगळ्या डब्यांसाठी एकच निळा प्लास्टिकचा मग होता. त्याच्या तळाशी ओला पांढरा थर साचून खडा झाला होता, कडेला टीसीसीएचे दाणे चिकटले होते, आणि तोच मग रोज सकाळी हायपोच्या ड्रममध्ये बुडवला जात होता. बाकी सगळं ठीक होतं, डबे रांगेत, झाकणं घट्ट. तो मग फेकून दिला आणि प्रत्येक डब्याला त्याच्या नावाचा, त्याच्या रंगाचा, कोरडा मग बांधून दिला, तेव्हा कुठे त्या खोलीतला वास गेला. एकूण खर्च दोनशे रुपयांच्या आत.

तर आता स्वतः बघा. अ‍ॅसिडचे कॅन वेगळ्या खोलीत हवेत. ते शक्य नसेल तर निदान खोलीच्या दुसऱ्या टोकाला, वेगळ्या ट्रेमध्ये. अ‍ॅसिड कधीही फळीवर, क्लोरीनच्या वर नको, कारण गळलं तर खालीच पडणार. कोरडी औषधं वर, द्रव खाली. खाली लाकडी फळ्या नकोत, प्लास्टिकच्या हव्यात. कॅल्शियम हायपो हा जबरदस्त ऑक्सिडायझर आहे. लाकूड, भुसा, ऑइलचं फडकं, रंग, पेट्रोल, लॉनचं खत यांच्याशी संपर्क आला की आग लागू शकते. आणि पंप रूम ही सोसायटीची अडगळ ठेवायची जागा असल्यामुळे हे सगळं तिथेच असतं. गवत कापायच्या मशीनचा पेट्रोलचा डबा क्लोरीनच्या ड्रमला टेकलेला दिसला तर तो त्याच क्षणी बाहेर न्या.

पावसाळ्यात हे जास्त काटेकोर बघावं लागतं. लोणावळा, कोकण, अलिबागकडे जून ते सप्टेंबर हवेतच इतका ओलावा असतो की सैल झाकणाचा ड्रम आतून ओलावतो. ब्लीचिंग पावडरची पोती तर कडक दगडासारखी होतात. एवढा माल भरायचाच कशाला? पंधरा दिवस-महिन्याला पुरेल इतकंच आणा. लिक्विड हायपो उन्हाळ्यात शेडमध्ये ठेवलं तरी त्याची ताकद आठवड्यांत उतरते, वायू सुटत राहतो, म्हणून त्याचं झाकण हवा जाऊ देणारं असतं. ते टेप लावून गच्च बंद केलं तर कॅन फुगतो.

पाण्याच्या किंवा तेलाच्या जुन्या कॅनमध्ये औषध ओतून ठेवलेलं दिसलं, लेबल नाही, तर ते काय आहे हे हुंगून ओळखायचा प्रयत्न करू नका. त्याला हात न लावता बाजूला राहा आणि पुरवठादाराला बोलवा.

एक गोष्ट जवळपास कुठेच नीट केलेली आढळत नाही. पंप रूमबाहेर लाल एबीसी पावडरचा अग्निशामक सिलिंडर टांगलेला असतो. त्या पावडरमध्ये अमोनियम फॉस्फेट असतं, आणि अमोनियमचे क्षार हायपो किंवा टीसीसीएवर पडले तर स्फोटक पदार्थ बनू शकतो. तो सिलिंडर इलेक्ट्रिक पॅनेलसाठी ठीक आहे, पण औषधाच्या डब्यातून धूर निघत असेल तर वापरू नका. तिथे तुमचं काम बाहेर पडणं आणि १०१ ला फोन करणं एवढंच. तापलेल्या ग्रॅन्यूल्सवर बादलीभर पाणी मारूनही भागत नाही. थोडं पाणी उलट ते आणखी तापवतं.

जमिनीवर सांडलेले ग्रॅन्यूल्स परत ड्रममध्ये टाकू नका. त्यासोबत काय आलंय ते माहीत नसतं. फिनाइलच्या ओल्या पोछ्यानं पुसू नका, कचऱ्याच्या डब्यात तर मुळीच नको. कोरड्या स्वच्छ प्लास्टिकच्या सुपलीनं कोरड्या स्वच्छ बादलीत गोळा करा आणि ती बादली उघड्यावर, झाकण न लावता, एकटी ठेवा.

औषध गाडीच्या डिकीतून आणणारे कमिटी मेंबरही असतात. अ‍ॅसिड आणि क्लोरीन एका फेरीत, एसी लावलेल्या बंद गाडीत, कधीही नको.

५. टाकण्याची पद्धत

पूल सांभाळणाऱ्याला म्हणा, "तू रोज टाकतोस तसं टाकून दाखव." मध्ये बोलू नका, फक्त बघा.

बादलीत आधी पाणी, मग औषध. उलट केलं, म्हणजे औषधावर पाणी ओतलं, तर ते उसळून थेट तोंडावर येतं. एका बादलीत एकच औषध. अ‍ॅसिड आणि क्लोरीन यांच्यामध्ये पंप चालू ठेवून चार-सहा तास जाऊ द्या. पूलमध्ये कुणी नसताना, वाऱ्याकडे पाठ करून, खोल बाजूला, पाण्याजवळ बादली नेऊन हळू ओता. स्किमरमध्ये (पाण्यावरचा कचरा ओढणाऱ्या कडेच्या खाचेत) काहीही ओतू नका. तिथे आदल्या दिवशीची टीसीसीएची गोळी पडलेली असेल तर वरून टाकलेलं कॅल्शियम हायपो तिच्यावरच जाऊन बसतं, आणि पुढे बंद पाइप.

अंगावर काय घातलंय? नायट्राइलचे कोपरापर्यंतचे ग्लोव्हज, चारी बाजूंनी बंद गॉगल, एप्रन, गमबूट. बंद खोलीत अ‍ॅसिड काढायचं असेल तर अ‍ॅसिड गॅसच्या कार्ट्रिजचा मास्क. सगळं मिळून दोन-तीन हजारांत येतं. सोसायटी महिन्याला औषधांवर जेवढा खर्च करते त्याच्या तुलनेत हे काहीच नाही, तरी बिलात हीच ओळ कापली जाते. ती कापू देऊ नका. आणि कार्ट्रिजची मुदत असते, पाकीट उघडल्याची तारीख त्यावर मार्करनं लिहा.

शॉक डोस, म्हणजे एकदम दिलेला क्लोरीनचा मोठा डोस, रात्रीच, पूल बंद झाल्यावर. अडकलेल्या क्लोरीनच्या दहापट मोकळं क्लोरीन लागतं तेव्हा क्लोरामाइन फुटतं. सकाळी मोजून ४ पीपीएमच्या खाली आलं असेल तरच पूल उघडा. मुलं गेटवर उभी आहेत म्हणून नाही.

रिकाम्या पूलच्या टाइल्सना अ‍ॅसिड वॉश करायचा असेल तर आधी भिंती-तळ भरपूर पाण्यानं धुऊन क्लोरीनचा अंश घालवा, आणि एकट्या माणसाला आत उतरवू नका. रिकामा पूल म्हणजे खड्डा. वर वारा असला तरी तळाशी वाफ साचते.

६. पंखा, डोसिंग पंप आणि गेलेली लाइट

पंप रूमचा एक्झॉस्ट फॅन जवळपास सगळीकडे छताजवळ असतो. जड वायू जमिनीलगत असतो, म्हणून हवा ओढायची जागा खाली हवी आणि ती बाहेर टाकायची जागा पोहणाऱ्यांच्या किंवा मुलांच्या खेळायच्या बाजूला नको. पंख्याचा स्विच दाराबाहेर असू द्या. आत शिरण्याआधी पाच-दहा मिनिटं पंखा चालवायचा, ही शिस्त लावा.

आता लाइट गेल्यावरचा ठसका. ऑटोमॅटिक डोसिंग असलेल्या पूलमध्ये दोन छोटे पंप असतात, एक हायपो सोडतो, एक अ‍ॅसिड. मोठ्या पंपानं पाणी वाहतं ठेवलेलं असतं तेव्हा दोन्ही थेंब-थेंब जाऊन लगेच पातळ होतात, काही त्रास नाही. पण मोठा पंप बंद पडला, ट्रिप झाला, किंवा बॅकवॉशसाठी (उलटं पाणी सोडून फिल्टर धुण्यासाठी) बंद केला, आणि डोसिंग पंप मात्र इन्व्हर्टरवर किंवा वेगळ्या सॉकेटवर चालू राहिले तर? साचलेल्या पाइपमध्ये हायपो आणि अ‍ॅसिड एकमेकांत मिसळत राहतात. पाइपमध्येच क्लोरीन वायू तयार होतो आणि थांबून राहतो. लाइट आली, पंप सुरू झाला, की तो सगळा गोळा इनलेटमधून पोहणाऱ्यांच्या तोंडाशी बाहेर येतो. बाहेर उभ्या असलेल्या आई-बापांना काही दिसतही नाही, फक्त इनलेटजवळची मुलं एकदम खोकायला लागतात.

म्हणून सोपी तपासणी: पूल रिकामा असताना मोठा पंप बंद करा आणि डोसिंग पंपांकडे बघा. त्यांचा टिक-टिक आवाज लगेच थांबला पाहिजे. नाही थांबला तर आजच्या आज दोन्ही प्लग काढा आणि हातानं डोस द्या, इलेक्ट्रिशियन येईपर्यंत. त्याच्याकडून इंटरलॉक करून घ्या, म्हणजे मोठा पंप बंद की डोसिंग बंद. त्यासोबत पाइपवर फ्लो स्विच. नुसतं वीजेचं इंटरलॉक पुरत नाही, कारण पंप फिरत असतो पण एअर लॉकमुळे (पाइपात अडकलेल्या हवेमुळे) किंवा बंद व्हॉल्व्हमुळे पाणी वाहत नसतं, असंही होतं. फ्लो स्विच पाणी वाहतंय का ते बघतो.

हे होईपर्यंत आणि झाल्यावरही एक नियम कायम ठेवा: पंप कुठल्याही कारणानं बंद पडला असेल तर सगळ्यांना पाण्याबाहेर काढल्याशिवाय तो पुन्हा सुरू करायचा नाही. बाहेर काढून, पंप चालवून, पाच-दहा मिनिटांनी पुन्हा उतरू द्या. लाइफगार्डला आणि वॉचमनला हे तोंडपाठ हवं.

डोसिंगच्या नळ्याही बघा. अ‍ॅसिडची नळी आणि हायपोची नळी वेगळ्या रंगाची, कॅनवर त्याच रंगाची पट्टी. कॅन बदलताना नळ्यांची अदलाबदल झाली तर एका नळीतला उरलेला अंश दुसऱ्या कॅनमध्ये जातो आणि कॅनच वायू सोडायला लागतो. कॅन बदलायचं काम दमलेल्या माणसाला रात्री अंधारात देऊ नका.

इजा झाली तर

डोळ्यात गेलं तर ताबडतोब नळाच्या साध्या पाण्यानं १५ ते २० मिनिटं धुवा, पापण्या हातानं उघड्या धरून. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर धुता धुता काढा. लिंबू, दूध, खायचा सोडा, गुलाबपाणी, काहीही घालू नका. अंगावर सांडलं तर कपडे काढा आणि भरपूर पाणी. गिळलं असेल तर उलटी करवू नका.

श्वासात गेलं असेल तर मोकळ्या हवेत बसवा, झोपवू नका, आणि बरं वाटलं म्हणून घरी पाठवू नका. फुफ्फुसांना सूज काही तासांनीही येऊ शकते, एक दिवसाच्या आत कधीही. दुपारी थोडा खोकला होता, मध्यरात्री श्वास कोंडला, असं होतं. लहान मुलं, दमा असलेले आणि वयस्कर यांना लगेच डॉक्टरांकडे न्या. जाताना डब्यावरच्या लेबलचा फोटो काढून न्या. "क्लोरीन होतं" यापेक्षा "हायपो आणि अ‍ॅसिड एकत्र झालं" ही माहिती डॉक्टरांच्या जास्त कामाची असते.

इथे थांबा, आता तुमचं काम नाही

क्लोरीनचा गॅस सिलिंडर असलेला तलाव असेल तर त्याच्या व्हॉल्व्हला, नळीला, काहीही झालं तरी हात लावायचा नाही. ते काम प्रशिक्षित माणसाचं, पूर्ण श्वसनयंत्र घालून. तुमचं काम माणसं बाहेर काढण्याचं.

फुगलेला किंवा गरम डबा, लेबल नसलेला कॅन, ओला होऊन खडा झालेला मोठा ड्रम, एकमेकांत मिसळलेली ग्रॅन्यूल्स: पुरवठादार किंवा अग्निशमन दल. टीसीसीएचा इनलाइन फीडर (पाइपवर बसवलेला, गोळ्या भरायचा बंद डबा) बंद पडला असेल तर तो उघडू नका, आत दाब साचलेला असू शकतो. आणि टीसीसीएच्या फीडरमध्ये "आज तेवढं हायपो भरू" हे तर कधीच नाही. पॅनेलच्या आत गंज आला असेल तर इलेक्ट्रिशियन, पूलचा माणूस नाही. वरचे सगळे मुद्दे करूनही दोन आठवड्यांत वास परत आला तर पाण्याची लॅबमध्ये चाचणी आणि पाइपलाइनची तपासणी करून घ्या.

बोलावलेल्या माणसाला सुरुवातीलाच सांगा: कुठली औषधं आहेत आणि किती टक्क्यांची, शेवटचा डोस कधी, कशाचा, वास कुठल्या वेळी येतो, लाइट गेली होती का. एवढं कळलं की त्याचा अर्धा दिवस वाचतो. तो येईपर्यंत पूल बंद, डोसिंगचे प्लग काढलेले, पंप रूमला कुलूप. चावी सेक्रेटरींकडे ठेवा. वॉचमनकडे ठेवली तर "पाच मिनिटं उघड रे" म्हणणारं कुणीतरी येतं आणि त्याला नाही म्हणता येत नाही.